सुनेच्या पाटीवर

रविवार, ९ नोव्हेंबर

हं. चालू झालं म्हणते ही नात. मी बोलायचं आणि यानं लिहायचं. ह्या घरात मी बोलावं आणि कोणीतरी उलट न बोलता लिहून घ्यावं, हे बघायलाच एवढी जगले म्हणायची.

मी सुशीलाबाई. मूळची उदगीरकडची, लग्न होऊन हैदराबादेत आले ती इथलीच झाले. राहणार हिमायतनगर, तिसरा मजला, लिफ्ट असली तर आहे, नसली तर नाही. मला अक्षर एक येत नाही. भावांना पाटी मिळाली, मला म्हशी मिळाल्या. म्हशींनी तक्रार केली नाही, मीही केली नाही. आता म्हातारपणी हातात पाटी आली, ती काचेची.

ही पाटी माझी नव्हे. सुनेची आहे, म्हणजे तिच्या शाळेची. चारुलता, माझी सून, नारायणगुड्याला शाळेत गणित शिकवते. दिवाळी झाल्यावर शाळेनं सगळ्या मास्तरांना अशी एकेक वाटली. दिवसा ती शाळेत जाते, चार वाजता चारूबरोबर घरी येते आणि देवघराच्या बाजूला चार्जिंगला पडून राहते. त्या वेळी चारूही पडलेली असते. मग मी मोकळी आणि पाटीही मोकळी.

माझी नात तन्वी बेंगळूरहून दोन दिवसांसाठी आलीय. तिला म्हणलं, मला ह्यात काहीतरी लावून दे, बोलायला कोणी नसतं. तिनं शाळेच्या अॅपातच एक रिकामी खोली शोधली. म्हणाली, "आजी, हे प्रेप नोट्स आहे. मम्मी इथे फिरकतच नाही. तेलुगू, उर्दू, मराठी, सगळे माईक आहेत, आणि मराठी एकदम क्लिअर घेतोय. बिनधास्त बोल."

बिनधास्तच बोलणार. ह्या वयात धास्ती कोणाची?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज कळलं चारू का वाळत चाललीय.

ह्या पाटीत प्रत्येक मास्तराच्या नावापुढे एक गोल असतो. काम चांगलं तर हिरवा, बेताचं तर पिवळा, नाहीतर लाल. चारूचा लाल आहे. सकाळी चहाबरोबर तो उघडते आणि चहा तसाच ठेवते. माझ्या हातचा चहा टाकते म्हणजे दुखणं मोठं आहे.

मी म्हणलं, "लाल तर लाल. कुंकू लालच असतं."

"आई, चेष्टा नका करू," म्हणाली. "प्रमोद सरांनी सांगितलंय, नाताळच्या सुट्टीपर्यंत ज्यांचा गोल हिरवा होणार नाही, त्यांच्याकडची दहावी काढून घेणार. उजळणी व्हिडिओवर होईल. भिंतीवर लावायचे आणि मुलांनी बघायचे. मला सहावी देतील."

प्रमोद सर म्हणजे तिचे हेडमास्तर. एकदा हळदीकुंकवाच्या वेळी बायकोला सोडायला आले होते. इस्त्री केलेला माणूस. बसतानासुद्धा घडी मोडू नये म्हणून बसतो. वाईट नाही पण. शाळेत पोरं कमी होत चालली, समोरच्या मोठ्या शाळेत भिंतभर पडदे आहेत, म्हणून घाबरलेत.

ही दहावी चारूनं आठवीपासून हातावर वाढवलीय. कोणाच्या बापाला दमा आहे आणि कोणाला त्रिकोणाची भीती वाटते, सगळं तोंडपाठ. तिला सहावी देणं म्हणजे पोळी फुगायला आली की तवा काढून घेणं.

मी विचारलं, "इतकं मरमर करतेस, तरी लाल कसा?"

"वह्या तपासायला मला वेळ लागतो. ह्याच्यात बरोबर किंवा चूक एवढंच दाबायचं असतं. पटापट दाबलं की झालं."

आता हे मला ठाऊक आहे. चारू वहीवर फुली मारत नाही. गणित जिथे बिघडलं, नेमकं त्या पायरीवर लाल शाईचा बारीक ठिपका देते. म्हणते, इथपर्यंत पोरगं बरोबर आलं, इथून रस्ता चुकलं. ठिपक्यापासून पुढचं परत करायचं, सगळं नाही. तो ठिपका शोधायला तिला अख्खं गणित पोराच्या डोक्यानं वाचावं लागतं. ह्या पाटीत ठिपक्याला जागा नाही.

मी तिला हे सगळं बोलले नाही. म्हणलं, "म्हणूनच भाजीत मीठ विसरतेस."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पहाटे उठले तर स्वयंपाकघरातून आवाज. वाटलं श्रीकांत, माझा मुलगा, चहा करतोय. तो कसला उठतोय. चारू होती, ओट्याशी उभी, एका हातानं कुकर, दुसऱ्या हातात तिचा फोन.

"रुबीना, बेटा, क्ष को इधर लाये तो चिन्ह बदलता ना? हौ. अब तुम बोलो, मैं सुनती."

रुबीना तिच्या दहावीतली. घरात फोन एकच, तो बापाचा. बाप ऑटो चालवतो, उजाडता उजाडता फोन घेऊन जातो. म्हणून पोरीच्या शंका पहाटे. चारू रोज त्या वेळी उभी असते. कुकरच्या शिट्टीला फोनवर हात ठेवते, शिट्टी संपली की पुन्हा सुरू.

मी विचारलं, "हे तरी धरतं का तुझं यंत्र?"

"नाही. शाळेची वेळ आठपासून. आणि हा माझा फोन."

म्हणजे पाटी आठला उठते. आमची सून त्याआधी एक पोरगी पार करून बसलेली असते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज भाग्यलक्ष्मी आली. चारूच्या शाळेत विज्ञान शिकवते, तन्वीपेक्षा थोडीच मोठी. तिचा गोल पहिल्या आठवड्यापासून हिरवा. मला वाटलं मिरवायला आली. तर आल्या आल्या माझ्या पाया पडली आणि डब्यातून पुलिहोरा, त्यांचा चिंचेचा भात, काढला. मग मी माझं मत बदललं.

दोघी गादीवर पाटी घेऊन बसल्या. चारू बोट असं लांबून लावत होती, जणू तवा तापलाय.

भाग्यलक्ष्मी मला म्हणाली, "अम्मा, मॅडम बहुत हुशार हैं. बस बटन दबाने को डरते."

"माझ्यासमोर तोंड उघडायला नाही डरत."

"वो तो पूरे स्कूल को मालूम है, अम्मा."

गोड पोरगी. तिनं चारूला पाटीवर एक पेन शोधून दिला. खरा पेन नव्हे, बोटानंच लिहायचं, पण पोराच्या वहीचा फोटो काढला की त्यावर कुठेही खूण करता येते. चारूनं बोट टेकवलं. लाल ठिपका उमटला. ती माझ्याकडे वळली, पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि चेहरा असा की जत्रेत पिपाणी मिळालेलं पोर.

"आई, ठिपका देता येतो!"

शाळेनं मागे एका शनिवारी दुपारी ट्रेनिंग ठेवलं होतं, सगळे थकून पेंगत होते, तिथे हे कोणी सांगितलंच नाही. गादीवर, पुलिहोऱ्याबरोबर, एका तासात शिकली. बदल्यात चारूनं तिला नववीच्या दंगेखोर वर्गात पाय ठेवल्यावर आधी काय करायचं ते सांगितलं. म्हणे दारातच थांबायचं आणि सगळ्यात मोठा आवाज असेल त्यालाच फळा पुसायला बोलवायचं. मी म्हणलं, "आमच्या घरात म्हणूनच मला सारखी कामं सांगते."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

गोल पिवळा झाला! चारूनं चहा संपवला. कपाचं बूडसुद्धा चाटलं असतं.

रोज संध्याकाळी ती पाटी घेऊन बसते आणि शिकते. माझी बडबड त्याआधीच उरकलेली असते. ती माझ्या वाटेत येत नाही, मी तिच्या.

बुधवार, ३ डिसेंबर

आज सांगण्यासारखं काही नाही, तरी सांगते. अंबाडीची भाजी कशी करायची ते ह्या पाटीला कळावं. इथे तिला गोंगुरा म्हणतात आणि मिरच्या घालून तिचं तिखटजाळ लोणचं करतात. आम्ही तशी करत नाही. पानं उकडून पाणी काढायचं, तांदळाच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटायची, शेंगदाणे पाहिजेतच. वरून लसणाची फोडणी, आणि फोडणीत हात आखडायचा नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची. चारूला ही भाजी माझ्यासारखी जमत नाही. जवळपास जमते. जवळपासच राहू दे, नाहीतर मला कोण विचारणार?

मग भाकरी. भाकरीचं पीठ...

भाकरीचं सांगायला बसले तर रात्र होईल. चारू उठली, थांबते.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आठवडाभर घसा धरला होता, बोलले नाही. चारूनं काढा करून पाजला, आल्याचा, कडू. सूड उगवते असं वाटावं इतका कडू.

माझ्यापायी बिचारीचं नुकसान झालं मात्र. हिरवा व्हायला आलेला गोल पुन्हा पिवळा पडला. म्हणते, "काय झालं कळत नाही, आई. उलट ह्याच आठवड्यात मी सगळ्या वह्या ठिपके देऊन तपासल्या." माझी उठबस करण्यात तिचं लक्ष उडालं असणार, दुसरं काय? म्हातारी माणसं म्हणजे कामाला अडथळाच. आता बरी आहे. आज भरपूर बोलून घेते, म्हणजे मन मोकळं होईल.

शुक्रवार, १९ डिसेंबर

हिरवा! नुसता हिरवा नाही, शाळेत पहिला.

प्रमोद सर स्वतः स्टाफरूममध्ये आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "चारुलता मॅडमनी ह्या वयात जे करून दाखवलं ते सगळ्यांनी बघावं." ह्या वयात हे सरांनी बोलायला नको होतं, पण जाऊ दे. मंगळवारी सगळ्या मास्तरांची बैठक आहे. तिथे चारूच्या पाठाची तयारी मोठ्या पडद्यावर दाखवणार. सर म्हणे म्हणाले, "इतकी तयारी दुसऱ्या कोणाची नाही. आणि सगळी मराठीत." चारूलाही नवल वाटलं, म्हणाली, ठिपक्यांचं कामच पाटी तयारीत धरत असेल.

श्रीकांत उस्मानिया बिस्किटं घेऊन आला, मोठा पुडा. चारूनं शिरा केला. वाटी हातात देत मला म्हणाली, "आई, मला वाटलं होतं मी ह्या जन्मात हे शिकणार नाही. जमलं हो मला."

मी म्हणलं, "जमणारच. सून कोणाची आहेस?"

पण इथे कोणी ऐकत नाही म्हणून सांगते. मी ही बाई रोज बघते. शाळेतून पाय ओढत येते, अर्धा तास पडते, उठते, आणि पुन्हा दुसऱ्याच्या पोरांच्या चुका पोटच्या पोराच्या मायेनं शोधत बसते. मला लिहिता येत असतं, तर मीच तिचा गोल हिरवा करून दिला असता.

सोमवार, २२ डिसेंबर

आज घरात काय झालं ते सांगते. चारूला विचारून सांगतेय, ती समोरच बसलीय.

संध्याकाळी ती उद्याच्या बैठकीसाठी कुठला पाठ दाखवायचा ते निवडायला बसली. पाटीत ती प्रेप नोट्सची, म्हणजे पाठाच्या तयारीची खोली आहे ना, ती उघडली. वर-खाली बोट फिरवलं. मग मोठ्यानं वाचलं, "पानं उकडून पाणी काढायचं."

मी आतून ओरडले, "कण्या विसरू नकोस!"

"आई, इकडे या."

गेले. ती म्हणाली, "हे तुम्ही इथे बोलता?"

"तन्वीनं लावून दिलंय. रिकामंच होतं म्हणाली."

तिनं तन्वीला फोन लावला. तन्वी पलीकडून म्हणाली, "ओह गॉड. मम्मी, ते काउंट होतं? मला वाटलं कोणी वाचत नाही!"

"कोणी वाचत नाहीच," चारू म्हणाली. "फक्त मोजतात."

मग मला समजावून सांगितलं. त्या खोलीत जेवढं बोलणं, तेवढी मास्तराची पाठाची तयारी. माझी अंबाडी, माझ्या म्हशी, लिफ्ट, प्रमोद सरांची इस्त्री, सगळी चारूची गणिताची तयारी म्हणून मांडली जात होती. मी खोकले त्या आठवड्यात गोल पिवळा पडला, तो ह्यामुळे.

चारू हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसू थांबलं आणि पाणी तसंच राहिलं.

"म्हणजे मला काही जमलंच नव्हतं," म्हणाली.

मी म्हणलं, "ठिपका तर तू दिलास ना? तो मी नाही दिला."

श्रीकांत म्हणाला, "उद्या दुसऱ्या कोणाकडून पाठ घे आणि दाखव. कोणाला कळणार आहे?" मीही म्हणलं, "हौ, दहावी तर वाचेल."

चारू आमच्या दोघांकडे बघत म्हणाली, "मी मुलांना काय सांगते? उत्तर बरोबर आलं, पण मधली पायरी खोटी असली, तर गणित चूकच. उद्या त्याच वर्गात उभी राहू कशी?"

मग तिनं वर सरकवून मागचं वाचायला घेतलं. मी म्हणलं, "ठेव ते. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचत नाहीत."

"माझ्याच नावावर आहे," म्हणाली, आणि वाचत राहिली. कुठल्यातरी जागी थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. उठून माझ्यासाठी चहा केला, साखर जास्त घातली. रोज डॉक्टरचं नाव सांगून मोजून घालते.

उद्या सरांना सांगून ती हे सगळं पुसणार आहे. विचारत होती, आई, वाईट वाटेल का? म्हणलं, वाटायचं काय त्यात? पाटी आहे, पुसायचीच असते.

मंगळवार, २३ डिसेंबर

हे आता तन्वीच्या जुन्या फोनवर बोलतेय. मागचं सगळं तिनं बेंगळूरहून इकडे ओढून घेतलं. म्हणाली, "आजी, एक शब्दही जाऊ देणार नाही." पोरीला स्वतःला मराठी वाचायला अर्धा दिवस लागतो, तरी.

चारू बैठकीआधीच सरांच्या केबिनमध्ये गेली. भाग्यलक्ष्मी दाराबाहेर उभी होती, म्हणून दोघींकडून ऐकायला मिळालं.

चारू म्हणाली, "सर, ही तयारी माझी नाही. माझ्या सासूबाईंची आहे." आणि उघडून समोर ठेवली.

प्रमोद सर जामबागेत, आपल्या मराठी वस्तीत, वाढलेले, मराठी चांगली वाचतात. वाचत गेले. नेमकी इस्त्रीची जागा आली. चारू म्हणते, तिला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. सरांनी शर्टाची बाही नीट केली आणि पुढे वाचलं. मग म्हणाले, "मॅडम, हे कोणाला कळलं नसतं."

"मला कळलं, सर."

"तुमचा गोल लाल होईल. मी नियम केलाय. तुमच्यासाठी वाकवला तर बाकीच्यांना काय सांगू?"

तेव्हा आमची चारू, जी बटन दाबायला डरते, ती म्हणाली, "वाकवू नका. लाल करा. पण दहावी काढून घेण्याआधी एकदा माझ्या वर्गात येऊन बसा. पाटी आल्यापासून तुम्ही कोणाच्याच वर्गात आला नाहीत."

भाग्यलक्ष्मी सांगत होती, "अम्मा, मैं दरवाजे को कान लगा के सुनी."

सर म्हणाले, "बघू." एवढंच. बैठकीत भाग्यलक्ष्मीचा पाठ दाखवला. सुट्टी लागली. काही ठरलं नाही.

शुक्रवार, २ जानेवारी

सुट्टीभर चारू घरात अशी वावरली, जणू कोणीतरी दवाखान्यात आहे. लाल गोल उघडून बघत नाही. पण पहाटेचा फोन चालूच आहे. मी विचारलं, "दहावी जाणार असेल तर कशाला राबतेस?" म्हणाली, "रुबीनाची परीक्षा तर जाणार नाही ना?"

बरोबर आहे. मी उगाच विचारलं. तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

शुक्रवार, ९ जानेवारी

आज चार वाजता दार उघडलं तर दोघी उभ्या, चारू आणि भाग्यलक्ष्मी, आणि दोघींना आधी मीच सांगणार म्हणून भांडण. मी म्हणलं, आत या, चपला काढा, मग भांडा.

झालं असं. दहावीचा तास सुरू झाला आणि प्रमोद सर आत आले. मागच्या बाकावर, रुबीनाच्या शेजारी जागा होती, तिथे बसले. पोरं सावरून बसली. फळ्यावर गणित लिहिलं, दोन अनोळखी संख्यांचं. कोण सोडवणार म्हणून विचारलं. भीतीनं कोणी हात वर करीना.

थोड्या वेळानं मागून एक हात वर आला. सरांचा.

सर इतिहासाचे. चारू म्हणते, तिला त्या क्षणी ते सर आहेत हे आठवलंच नाही. सवयीनं तोंडातून गेलं, "या, पुढे या फळ्याजवळ."

आले. खडू घेतला. इस्त्रीच्या शर्टावर खडू सांडत गणित केलं, आणि चुकवलं. चारूनं फुली मारली नाही. खडू घेतला, सगळं वाचलं आणि तिसऱ्या ओळीत एक ठिपका दिला. म्हणाली, "इथपर्यंत अगदी बरोबर आलात. इथून बघा."

सरांनी पाहिलं. दिसेना. तेव्हा रुबीना बाकावरून हळूच म्हणाली, "सर, उधर से इधर लाये तो चिन्ह बदलता ना?"

सरांनी चिन्ह बदललं. उत्तर आलं. भाग्यलक्ष्मीचा वर्ग शेजारीच, तिनं भिंतीपलीकडून टाळ्या ऐकल्या.

जाताना सर दारात थांबले. म्हणाले, "शाळेत मला कोणी ठिपका दिला नाही. फुल्याच दिल्या." मग शर्टावरचा खडू झटकत म्हणाले, "दहावी तुमच्याकडेच राहील, मॅडम. आणि सोमवारपासून मी रोज एका वर्गात बसणार. नियम आहे तो आहे, पण नियम मी केलाय, मीच त्यात भर घालतो." पुढे म्हणे असंही म्हणाले, "सासूबाईंना सांगा, अंबाडीत आमच्याकडे थोडा गूळ घालतात."

गूळ! अंबाडीत! माणूस सुधारतोय म्हणावं तर हे.

चारू आता ओट्याशी उभी राहून भाग्यलक्ष्मीला भाकरी थापायला शिकवतेय. जवळपास माझ्यासारखीच थापते. सांगणार नाही.

मघाशी पाटी उघडून बघितली तिनं. मी विचारलं, "कुठला रंग?"

"लाल. कालच्यापेक्षा जास्तच," म्हणाली. "त्या तासाला मी हिला हातच लावला नाही, आई."

आणि चहा पूर्ण प्यायली.